ब्लूटूथ इअरबड्सचा आवाज तुटतो, कॉलवर बसतो, भलतीकडेच जातो: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "ब्लूटूथ नीट चालत नाही." खोदून विचारलं की कळतं, प्रत्येकाचं दुखणं वेगळं आहे. कुणाचं गाणं मध्येच तुटतं. कुणाचा आवाज एरवी भरदार असतो, पण ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की चपटा आणि बसका होतो. कुणी लॅपटॉपवर सिनेमा बघत असतं आणि फोनवर मेसेज आला की आवाज गायब. कुणाला फोन आला तर समोरच्याचं बोलणं कानात यायच्या ऐवजी मनगटावरच्या घड्याळातून सगळ्या खोलीला ऐकू जातं.

यावर उपाय मात्र सगळे एकच करतात. ब्लूटूथ बंद-चालू, फोन रीस्टार्ट, नाहीतर 'फरगेट' करून पुन्हा पेअर. दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. शेवटी इअरबड्स खराब निघाले असं ठरवून नवे घेतले जातात आणि तीच कटकट नव्यांवरही सुरू होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. ऑफिसातले, सोसायटीतले, नात्यातले लोक असे इअरबड्स माझ्याकडे घेऊन येतात, आणि त्यातले बरेचसे ठणठणीत असतात. दुरुस्ती करायची असते ती सेटिंग्जची किंवा राउटरची. चांगली वस्तू टाकून दिली जाते याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात आधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःशी नीट द्या: हे नेमकं केव्हा होतं? फक्त कॉलवर, की गाणं ऐकतानाही? घरी, की बाहेर? लॅपटॉप उघडा असतानाच, की तो बंद असतानाही? या उत्तरावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

एका रेडिओवर किती कामं

१९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत या तंत्रावर काम सुरू झालं तेव्हा हेतू साधा होता: मोबाइल आणि त्याच्या जोडीची उपकरणं यांच्यामधली वायर काढून टाकायची. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी एकत्र येऊन त्यासाठी संघ स्थापन केला. पल्ला साधारण दहा मीटर, ताकद काही मिलिवॉट. आज त्याच छोट्या रेडिओवर गाणी, कॉल, घड्याळ, कारचा म्युझिक सिस्टिम, माऊस, कीबोर्ड असं सगळं चालतं. शिवाय फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक वेळा एकाच चिपमध्ये असतात, कित्येकदा अँटेनाही एकच असतो. दोघांनाही २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लागला की चिप त्यांना पाळीपाळीने बोलू देते. ही वाटणी इतक्या झपाट्याने होते की एरवी पत्ताही लागत नाही. वायफायवर मोठं डाउनलोड सुरू झालं की मात्र ब्लूटूथच्या वाट्याला वेळ कमी येतो आणि गाणं अडखळतं.

म्हणून पहिली चाचणी ही. एक गाणं फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा. फोन विमान मोडवर टाका, मग फक्त ब्लूटूथ पुन्हा चालू करा. लॅपटॉप, टॅब, घड्याळ यांचं ब्लूटूथ बंद करा. फोन हाताच्या अंतरावर टेबलावर ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं ऐका. आवाज अजिबात तुटला नाही तर इअरबड्स चांगले आहेत आणि त्रास बाहेरून येतो आहे. तरीही तुटला तर पेअरिंगमध्ये किंवा इअरबड्समध्येच दोष आहे, त्याबद्दल शेवटी. एवढी एक चाचणी केली तरी अर्धा गोंधळ मिटतो, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

कॉल किंवा मीटिंग सुरू झाली की आवाज बसतो

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि सगळ्यात कमी समजून घेतली जाते, म्हणून इथे जरा थांबतो.

ब्लूटूथमध्ये गाणं ऐकण्याची आणि कॉलवर बोलण्याची व्यवस्था मुळातच वेगवेगळी आहे. गाण्यासाठी जी पद्धत वापरली जाते तिचं नाव एटूडीपी. तिच्यात आवाज एकाच दिशेने जातो, फोनकडून कानाकडे. सगळी जागा त्या एका कामाला मिळते, त्यामुळे एसबीसी या अगदी साध्या कोडेकवरही (कोडेक म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवायची रीत) सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट इतकी माहिती पाठवता येते आणि दोन्ही कानांना वेगळा आवाज मिळतो. पण या पद्धतीत तुमचा माइक चालत नाही. माइक हवा असेल तर एचएफपी ही दुसरी पद्धत सुरू करावी लागते. ती टेलिफोनसाठी बनलेली आहे: आवाज दोन्ही दिशांना, दोन्ही कानांत एकसारखा, आणि जुन्या रूपात सेकंदाला फक्त ६४ किलोबिट. त्या जुन्या रूपात आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० घेतले जातात, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच पोचत नाही. 'स' आणि 'श' यांतला फरक धूसर होतो, गाण्यातली चकाकी जाते. २०११ च्या सुमारास आलेल्या सुधारित रूपात नमुने १६,००० झाले. बोलणं बरंच स्पष्ट झालं, पण संगीत ऐकण्याच्या पातळीला ते अजूनही येत नाही.

आता मीटिंगमध्ये काय होतं ते लक्षात येईल. ॲपने तुमच्या इअरबड्सचा माइक उघडला की त्याच क्षणी पहिली पद्धत बंद होऊन दुसरी सुरू होते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, स्वतःला म्यूट करून ठेवलंत, तरीही बहुतेक ॲप्स माइक धरून ठेवतात आणि आवाज बसलेलाच राहतो. बिघाड कुठेच झालेला नाही. तुम्ही एका वस्तूकडून दोन कामं एकाच वेळी मागितलीत आणि तिने दोन्ही जमतील तेवढी केली.

खात्री करून घ्यायची असेल तर लॅपटॉपवर गाणं लावा आणि ते चालू असताना आवाज रेकॉर्ड करणारं ॲप उघडून त्यात इअरबड्सचा माइक निवडा. आवाज तत्क्षणी बदलेल. ॲप बंद केलं की दोन-तीन सेकंदांत पूर्ववत होईल.

उपायही सरळ आहे: ऐकायला इअरबड्स, बोलायला लॅपटॉपचा स्वतःचा माइक. झूम, मीट, टीम्स या सगळ्यांच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर आणि माइक वेगवेगळे निवडता येतात. स्पीकरच्या जागी इअरबड्स ठेवा, माइकच्या जागी लॅपटॉपचा अंगभूत माइक. मॅकवर हेच 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'साउंड' उघडून 'इनपुट'खाली बदलता येतं. विंडोज १० मध्ये एकाच इअरबड्सची दोन नावं दिसतात, एकापुढे 'स्टिरिओ' आणि दुसऱ्यापुढे 'हँड्सफ्री' असतं. आउटपुटला स्टिरिओवालं निवडायचं. विंडोज ११ ने ही दोन नावं एकत्र केली, त्यामुळे तिथे इनपुटच बदलावा लागतो.

मीटिंग संपली तरी आवाज बसलेलाच राहत असेल तर एखादं ॲप माइक सोडत नाहीये. विंडोज ११ च्या टास्कबारवर घड्याळाजवळ माइकची छोटी खूण दिसते, मॅकवर वरच्या पट्टीत नारिंगी ठिपका दिसतो. तिथून ते ॲप ओळखा आणि पूर्ण बंद करा, नुसतं मिनिमाइझ करून भागत नाही. गेम खेळताना मागे चालू राहिलेलं चॅट ॲप हे नेहमीचं कारण.

लॅपटॉपवर इअरबड्सचा माइक कधीच वापरायचा नसेल तर तो कायमचा बंद करता येतो. विंडोजमध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस' उघडून 'मोअर डिव्हाइसेस अँड प्रिंटर सेटिंग्ज'वर जा, इअरबड्सवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', आणि 'सर्व्हिसेस'मध्ये 'हँड्सफ्री टेलिफोनी'ची खूण काढा. पुढे कधी त्याच लॅपटॉपवर इअरबड्समधून बोलायचं झालं तर ही खूण परत लावावी लागेल, हे लक्षात ठेवा. नाहीतर माइक दिसत नाही म्हणून नवी शोधाशोध सुरू होते.

ठाण्याच्या एक गायनशिक्षिका न्यू जर्सीतल्या विद्यार्थिनींना ऑनलाइन शिकवतात. त्यांची तक्रार अशी होती की तानपुरा लावला की पलीकडे काहीच पोचत नाही, नुसती अधूनमधून गुरगुर ऐकू येते. इअरबड्स महागातले, इंटरनेट उत्तम. तिथे दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. माइक इअरबड्सचा होता, म्हणजे तानपुऱ्याचे वरचे स्वर आधीच कापले जात होते. आणि जे उरत होतं ते सतत एकसारखं वाजणारं असल्यामुळे झूम त्याला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकत होतं. माइक लॅपटॉपचा केला आणि झूममधलं 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू केलं, तेव्हा जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांचा तो झंकार, पलीकडे पोचली. पहिल्यांदा ते ऐकून विद्यार्थिनीने नुसतं "बाई, आता षड्ज सापडला" एवढंच म्हटलं. संगीत शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे दोन बदल आजच करावेत असं मी कळकळीने सांगेन. विद्यार्थ्यानेही ऐकायला शक्यतो वायरचा हेडफोन घ्यावा, कारण ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला एक-दोन दशांश सेकंद जादा लागतात.

मोबाइलवरच्या साध्या कॉलला यातलं काही लागू पडत नाही. तिथे इअरबड्समधून बोलायचं तर दुसरी पद्धतच चालणार. फार गोंगाट असेल तर इअरबड्स काढून फोन कानाला लावणं हाच सगळ्यात स्पष्ट मार्ग.

यावरचा खरा तोडगा एलई ऑडिओ नावाच्या नव्या व्यवस्थेत आहे. तिची घोषणा २०२० मध्ये झाली. तिच्यात एलसी३ नावाचा कोडेक आहे आणि बोलणं-ऐकणं दोन्ही चांगल्या दर्जात एकाच वेळी चालतं. पण ती फोनमध्ये आणि इअरबड्समध्ये, दोन्हीकडे असावी लागते. इथे एक सावधगिरी: खोक्यावर 'ब्लूटूथ ५.३' लिहिलंय म्हणजे एलई ऑडिओ आहे असं अजिबात नाही. तो त्या आवृत्तीतला ऐच्छिक भाग आहे. दुकानात आकडा बघू नका, 'एलई ऑडिओ' हे शब्द खोक्यावर आहेत का ते बघा.

गाणं मध्येच तुटतं

विमान मोडच्या चाचणीत आवाज स्वच्छ होता, मग आता एकेक गोष्ट परत चालू करा. आधी फक्त वायफाय. त्यावर एखादा मोठा व्हिडिओ डाउनलोडला लावा आणि ते साठवलेलं गाणं पुन्हा ऐका. आता तुटलं तर वायफायशी झगडा आहे.

हा झगडा समजून घेण्यासारखा आहे. एलई ऑडिओच्या आधीचं, वर सांगितलेल्या दोन्ही पद्धतींचं ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक-एक मेगाहर्ट्झच्या ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारत बोलतं. २००३ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीपासून ते गजबजलेल्या वाहिन्या ओळखून टाळतं, पण किमान २० वाहिन्या त्याला लागतातच. वायफायची एक वाहिनी सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा घेते. म्हणजे १, ६ आणि ११ या तीन वाहिन्यांवर तीन राउटर चालू असले की जवळजवळ सगळा पट्टा भरला. शहरातल्या कुठल्याही इमारतीत वायफायची यादी उघडून बघा, शेजाऱ्यांची किती नावं दिसतात ती.

उपाय राउटरमध्ये आहे आणि तो एकदाच करायचा आहे. बहुतेक नव्या राउटरवर दोन नेटवर्क असतात, एक २.४ चं आणि एक ५ गिगाहर्ट्झचं. दुसऱ्याच्या नावापुढे बऱ्याचदा '५जी' लिहिलेलं असतं. मोबाइलच्या ५जीशी त्याचा काही संबंध नाही. फोन आणि लॅपटॉप या दुसऱ्या नेटवर्कवर न्या आणि २.४ वालं नेटवर्क त्यांच्यातून 'फरगेट' करा, नाहीतर ते गुपचूप तिकडे परत जातात. राउटरने दोन्ही नेटवर्क एकाच नावाखाली ठेवली असतील तर सेटिंगमधून त्यांना वेगळी नावं द्या. ५ गिगाहर्ट्झ भिंतींमधून कमी पोचतं, त्यामुळे आतल्या खोलीत ते जमलं नाही तर निदान २.४ ची 'चॅनल विड्थ' ४० वरून २० मेगाहर्ट्झ करा. ४० वर ठेवलेला एकटा राउटर अर्धा पट्टा खातो, तुमचाही आणि शेजाऱ्यांचाही.

स्वयंपाकघरात गेल्यावरच तुटत असेल तर मायक्रोवेव्ह चालू आहे का बघा. तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. दारातून बाहेर येणारं प्रमाण सुरक्षिततेच्या मर्यादेत असलं तरी काही मिलिवॉटच्या ब्लूटूथपुढे ते पुष्कळ असतं. ओव्हन थांबला की त्रासही थांबतो, त्यासाठी काही करायची गरज नाही.

लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी, कारण ती सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. यूएसबी ३ च्या वायरीतून आणि जोडणीतून जो रेडिओगोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झमध्ये येतो. इंटेलने २०१२ मध्ये याबद्दल सविस्तर माहिती प्रसिद्ध केली होती. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा आवाज रोज दुपारनंतर तुटायचा, माऊसही अडखळायचा, आणि आयटी विभागाने ड्रायव्हर बदलून बदलून हात टेकले होते. त्याच्या टेबलाशी उभं राहून बघितलं तर दुपारी तो बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क लावत होता, आणि तिच्या शेजारच्याच पोर्टमध्ये ब्लूटूथचा इवलासा डोंगल खोचलेला. डिस्कची केबल डोंगलला टेकून गेली होती. डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावली, डोंगल हातभर यूएसबी २ च्या एक्स्टेन्शन केबलवर घेऊन टेबलाच्या कडेला ठेवला, आणि विषय संपला. लॅपटॉपचं ब्लूटूथ अंगभूत असेल तर हब आणि डिस्क स्क्रीनच्या बिजागरापासून लांब ठेवा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये अँटेना स्क्रीनभोवती असतात.

वायफाय बंद असताना, मोबाइल डेटावर गाणी ऐकतानाच तुटत असेल तर आणखी एक शक्यता आहे. आपल्याकडे ४जीसाठी वापरला जाणारा एक पट्टा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा आहे. ब्लूटूथची पहिली वाहिनी २४०२ वर आहे, म्हणजे दोघांची भिंत सामाईक. टॉवर लांब असला की फोन पूर्ण ताकदीने, सुमारे २०० मिलिवॉटने बोलतो, आणि फोनमधले फिल्टर त्या लहरी पूर्ण अडवू शकत नाहीत. साध्या सेटिंगमधून हा पट्टा बदलता येत नाही. प्रवासात ऐकायचं ते घरूनच डाउनलोड करून निघालात तर प्रश्न येत नाही.

आणि घरात व्यवस्थित चालणारे इअरबड्स टेकडीवर किंवा मोकळ्या मैदानात का तुटतात? यात गूढ काही नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि आपलं शरीर बरंचसं पाण्याचंच आहे. फोन पँटच्या मागच्या उजव्या खिशात आणि मुख्य बड, म्हणजे फोनशी थेट बोलणारा, डाव्या कानात असेल तर मध्ये आख्खं शरीर येतं. घरात भिंतींवरून परतणाऱ्या लहरी वळसा घालून कानापर्यंत पोचतात. मोकळ्यावर परतायला भिंतच नसते. फोन वरच्या खिशात किंवा दंडाच्या पट्ट्यात ठेवा. मुख्य बड कुठला ते कळायला एकेकटा बड वापरून बघा आणि ज्या बाजूला कमी तुटतं त्या बाजूच्या खिशात फोन ठेवा.

गर्दीच्या वेळी लोकलच्या डब्यात, मेट्रोत किंवा विमानतळावर तुटणं मात्र पूर्ण टाळता येत नाही. तिथे आवाजाची माहिती कमी केली तर फरक पडतो. अँड्रॉइडमध्ये एलडीएसी हा कोडेक चालू असेल तर तो ९९०, ६६० किंवा ३३० किलोबिटवर चालतो. 'अबाउट फोन'मध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टॅप केलं की 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. तिथे ब्लूटूथ ऑडिओच्या भागात त्याची गुणवत्ता '३३०' किंवा 'कनेक्शन'ला प्राधान्य देणारी ठेवा, किंवा सरळ एएसी हा दुसरा कोडेक निवडा. लोकलच्या खडखडाटात ९९० आणि ३३० मधला फरक कानाला कळत नाही, तुटलेलं गाणं मात्र कळतं.

आवाज भलतीकडेच जातो

आता बहुतेक इअरबड्स एकाच वेळी दोन उपकरणांना जोडलेले राहतात. सोय उत्तम आहे, पण गाण्याच्या पद्धतीत दोघांचा आवाज एकत्र करायची तरतूद नाही. एका वेळी एकालाच जागा मिळते. लॅपटॉपवर ईमेल आल्याची टिंग वाजली की इअरबड्स तेवढ्यासाठी तिकडे वळतात आणि फोनवरचं गाणं थांबतं. लॅपटॉपचे नोटिफिकेशन आवाज बंद करा, तेवढ्यानेच बहुतेकांचं काम होतं. नाहीतर कंपनीच्या ॲपमधून दोन जोडण्यांची सोय बंद करा.

कॉलचं घड्याळ हा आपल्याकडचा खास घोळ आहे. स्वस्तातली कॉलिंग घड्याळं फोनच्या ब्लूटूथ यादीत बऱ्याचदा दोन नावांनी दिसतात: एक पावलं आणि मेसेज दाखवण्यासाठी, दुसरं कॉलसाठी. फोनच्या दृष्टीने ते दुसरं नाव म्हणजे सरळ एक हेडसेट. मग इअरबड्स कानात असतानाही कॉल घड्याळाकडे जातो. दुसऱ्या नावापुढच्या गिअरच्या खुणेवर टॅप करा आणि 'फोन कॉल्स' व 'मीडिया ऑडिओ' बंद करा. पावलं, नाडीचे ठोके, मेसेज सगळं आधीसारखं चालू राहतं, कारण ते पहिल्या नावावर असतं. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर हे आपणहून करून द्या. कॉल उचलला पण आवाज कुठून येतोय हेच कळत नाही, या घाबरगुंडीत कितीतरी महत्त्वाचे फोन कट होतात.

कारचंही असंच. कुणी खाली पार्किंगमध्ये गाडी सुरू केली आणि तुमचा फोन पहिल्या मजल्यावर पल्ल्यात असेल तर तो कारला जोडला जातो, आणि तुमचा कॉल गाडीत बसलेल्यांना ऐकू येतो. ज्यांची गाडी घरातले दोघं-तिघं चालवतात त्यांनी कारच्या सिस्टिममध्ये 'प्राधान्याचा फोन' ठरवून ठेवावा आणि बाकीच्यांचं आपोआप जोडणं बंद करावं. प्रश्न खाजगीपणाचाही आहे.

पुन्हा पेअर करणं खरंच लागतं तेव्हा

पेअर करताना दोन्ही उपकरणं एकमेकांसाठी एक गुप्त किल्ली साठवतात. फोन रीसेट केला, इअरबड्सचं सॉफ्टवेअर अपडेट झालं किंवा कुणी ते आपल्या फोनला जोडून बघितले, तर दोन्हीकडच्या किल्ल्या जुळेनाशा होऊ शकतात. लक्षण स्पष्ट असतं: जोडणीच होत नाही, किंवा जोडल्याजोडल्या सुटते. एका कानातलाच बड जोडला जाणं हेही अशातलंच, फक्त तिथे दोन बड्सची आपसातली जोडी तुटलेली असते.

अशा वेळी अर्धवट पेअरिंग करून उपयोग नाही. फोन, लॅपटॉप, टॅब, टीव्ही, जिथे जिथे ते इअरबड्स जोडलेले असतील तिथून सगळीकडून 'फरगेट' करा. दोन्ही बड्स डबीत ठेवून, चार्जिंगचा दिवा लागल्याची खात्री करून, माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे डबीचं बटण किंवा बड्सचा स्पर्शभाग दाबून फॅक्टरी रीसेट करा. मग आधी फक्त फोनला जोडा, दिवसभर वापरा आणि नंतर एकेक उपकरण वाढवा.

एका कानात आवाज बारीक येत असेल तर ब्लूटूथला हातच लावू नका. जाळीवर कानातला मळ बसलेला असतो. कोरड्या मऊ ब्रशने जाळी खाली धरून साफ करा. सुई, पिन किंवा ओलं कापड नको. एक बड लवकर बंद पडत असेल तर डबीतले चार्जिंगचे टोक आणि बडवरच्या पितळी ठिपक्यांवर घामाचा थर असतो, तो कोरड्या कापसाने पुसा. स्वच्छ करूनही तो दुसऱ्याच्या निम्माच टिकत असेल तर त्याची बॅटरी थकली आहे.

एवढं करूनही विमान मोडच्या चाचणीत आवाज तुटत असेल, तर तीच चाचणी दुसऱ्याच्या फोनवर करा. दुसऱ्या फोनवर स्वच्छ वाजलं तर तुमच्या फोनचं ब्लूटूथ किंवा त्याचा अँटेना तपासायला द्या. मागचं कव्हर धातूचं किंवा चुंबकाचं असेल तर ते आधी काढून बघा. दोन्ही फोनवर तुटलं तर इअरबड्सच सदोष आहेत. वॉरंटी संपायच्या आत सर्व्हिस सेंटरला जा, आणि जाताना चाचणीचा व्हिडिओ सोबत न्या: स्क्रीनवर विमान मोडची खूण दिसते आहे, फोन हाताच्या अंतरावर आहे, आणि बड दुसऱ्या फोनच्या माइकजवळ धरल्यावर आवाज तुटताना ऐकू येतो आहे. काउंटरवर "रीसेट करून बघा" असं सांगून परत पाठवायला लागले तर रीसेट आणि दुसऱ्या फोनवरची चाचणी दोन्ही झाल्याचं सांगा, व्हिडिओ दाखवा आणि तक्रारीच्या पावतीवर 'विमान मोडमध्ये, दोन फोनवर आवाज तुटतो' असं लिहून घ्या.